अंतराळचाचे तगतात कसे? ट्रॅव्हलरच्या टेबलासाठी हिशेबासकट उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. ट्रॅव्हलर या टेबलाभोवती बसून, फासे टाकून खेळायच्या अंतराळातल्या भूमिका-खेळाची मोहीम चालू आहे. चार-पाच ग्रहमालांचा टापू आहे आणि त्यातल्या एकीत नौदलाचा तळ आहे. गेम मास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, तिथे चाच्यांची एक टोळी हवी आहे: ४०० टनांचं एक जहाज आणि वीस माणसं. खेळाडूंचा आक्षेप असा, की अवकाशात लपायला जागा नाही आणि नौदलाकडे तोफा आहेत, मग ही टोळी दुसऱ्याच महिन्यात संपत कशी नाही?

आक्षेप बरोबर आहे. लढाईच्या जोरावर ही टोळी वर्षभर टिकवायची, तर तुम्हाला दर सेशनला फासे लपवावे लागतील आणि खेळाडूंना ते कळेल. चाच्याचं पोट अवकाशात भरत नाही, ते धक्क्यावर भरतं. माल कोण घेतो, जहाज कोण दुरुस्त करतो, कोणतं जहाज काय घेऊन येतंय हे कोण सांगतो, या तीन प्रश्नांना नावानिशी उत्तरं असतील तर टोळी जगते. ती नसतील, तर सहा तोफा बसवूनही मरते. पण धक्क्यावर जाण्याआधी अवकाशातलं गणित करून घेऊ, कारण धक्क्याची गरज त्यातूनच निघते.

१९७७ साली आलेल्या या खेळाचे मूळ नियम चाच्यांच्या बाबतीत फार उदार आहेत. जंप, म्हणजे एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे मारलेली उडी, हिला साधारण एक आठवडा लागतो, अंतर कितीही असो. जंपच्या दर क्रमांकामागे (एका उडीत किती पार्सेक, तो तिचा क्रमांक) जहाजाच्या आकारमानाच्या १० टक्के इंधन जळतं. ग्रहाच्या व्यासाच्या १०० पट अंतराच्या आत जंप मारणं धोक्याचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका ग्रहमालेतून दुसरीत जहाजापेक्षा वेगाने बातमी जात नाही.

पृथ्वीएवढ्या ग्रहाची १०० व्यासांची हद्द म्हणजे सुमारे १२.७ लाख किलोमीटर. १ जी, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाएवढ्या, त्वरणाने निम्मी वाट वेग वाढवत आणि निम्मी वाट कमी करत गेलं तर हे अंतर कापायला ६ तास २० मिनिटं लागतात. गुरूएवढ्या वायुग्रहाची हद्द १.४ कोटी किलोमीटरवर जाते आणि तेवढ्यासाठी २१ तास लागतात. हीच चाच्याची शिकारीची वेळ. ताऱ्यालाही १०० व्यासांचा नियम लावत असाल तर आणखी एक देणगी मिळते. प्रॉक्सिमा सेंटॉरीसारख्या लाल खुज्या ताऱ्याची हद्द सुमारे २.१ कोटी किलोमीटर भरते आणि त्याचा ‘बी’ हा ग्रह जेमतेम ७३ लाख किलोमीटरवर फिरतो. म्हणजे ग्रह पुरता ताऱ्याच्या हद्दीत. तिथे जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक जहाजाला जवळजवळ एक दिवस उघड्यावर काढावा लागतो. टोळी वसवायची असेल तर नकाशावरचे लाल खुजे तारे आधी शोधा.

आता सावज कोणतं? बहुतेक गेम मास्टर बाहेर निघालेलं जहाज अडवतात आणि तिथेच फसतात. बाहेर निघालेल्या जहाजाच्या टाक्या भरलेल्या असतात. जीव टांगणीला लागला तर कप्तान हद्दीच्या आतूनच जंप मारतो आणि निसटतो. आत येणारं जहाज मात्र जंपमधून नुकतंच बाहेर पडलेलं असतं. स्वस्तातल्या मालवाहू जहाजात एकाच जंपपुरती टाकी असते, ती आता रिकामी. आठवडाभर बाहेरची काही खबर नाही. परत उडी मारायची सोय नाही. सावज हेच.

यातही पाठलाग करू नये. हिशेब करून बघा. सावज १ जी ने ग्रहाकडे निघालंय, चाचा २ जी चा आणि २ लाख किलोमीटर मागे आहे. गाठून वेग जुळवायला साधारण दोन तास लागतात. पण तोवर दोघंही सेकंदाला ७२ किलोमीटरने ग्रहाच्या दिशेने, म्हणजे तोफांच्या दिशेने चाललेले असतात आणि हद्दीच्या पावणेतीन लाख किलोमीटर आत शिरलेले असतात. तिथून थांबून, वळून, पुन्हा हद्दीबाहेर यायला चाच्याला आणखी पावणेतीन तास हवेत. तेवढ्यात गस्त पोचते. सावज न थांबवता त्याच्यावर काही फेकणंही निरुपयोगी आहे. सेकंदाला १०० किलोमीटरच्या फरकाने एक किलोचा तुकडा आदळला तर सुमारे १.२ टन टीएनटीएवढी ऊर्जा सुटते. माल, माणसं, खंडणी, सगळ्याची राख.

म्हणून चाचा पाठलाग करत नाही, तो आधीच तिथे असतो. लपूनही नसतो. राहण्याजोगं, म्हणजे २९० केल्व्हिनच्या आसपास तापमान असलेलं जहाज दर चौरस मीटरला सुमारे ४०० वॅट उष्णता बाहेर टाकतं आणि मागचं आकाश जवळपास निरपेक्ष शून्यावर असतं. बऱ्या सेन्सरला ते दिसणारच. तेव्हा दिसायचं, पण भलतंच कोणीतरी म्हणून दिसायचं. खोटा ट्रान्सपाँडर (जहाजाची ओळख रेडिओवरून सांगणारं यंत्र), रीतसर भरलेला उड्डाणाचा आराखडा, बाहेर निघालेल्या मालवाहूची चाल. हद्दीपाशी वेग कमी करत ‘नॅव्हिगेशनचा घोळ झालाय, तपासतोय’ असं बंदराला कळवायचं आणि वाट बघायची. बंदराचा कारकून अशा नोंदी दिवसाला चार करतो.

सावज बाहेर पडलं की पहिली तीस मिनिटं सगळं ठरवतात. दहाव्या मिनिटाला १ जी च्या जहाजाचा वेग सेकंदाला सहा किलोमीटर असतो, तिसाव्या मिनिटाला १७-१८. सावज दहा मिनिटांच्या आत, लेझरच्या टप्प्यात दिसलं तरच हुकूम सोडायचा: इंजिन बंद करा, रेडिओ बंद करा. पण ते आरडाओरडा करणार हे धरून चालायचं. हाक ग्रहापर्यंत सव्वाचार सेकंदांत पोचते. तिथे ६ जी चं गस्ती जहाज तयार उभं असेल तर ते येऊन थांबायला २ तास ३५ मिनिटं घेतं, आणि न थांबता नुसतं गोळीबार करत जायचं ठरवलं तर १ तास ५० मिनिटं. म्हणजे जोडणी, झडती, माल हलवणं आणि सुटणं, सगळं मिळून पावणेदोन तास. यात साध्या मालवाहूचं ८२ टनांचं पोट रिकामं होत नाही. ट्रॅव्हलरचा टन म्हणजे सुमारे १४ घनमीटर जागा. कंटेनर एकेक करून एअरलॉकमधून जात नाहीत, मालाचं मोठं दार उघडावं लागतं आणि दोन्ही जहाजांची दारं समोरासमोर आणावी लागतात. आठ माणसांच्या हातून या वेळात पाच-दहा टन निघाले तरी पुष्कळ झाले. कोणते पाच-दहा टन, हे आधी ठाऊक असायला हवं.

वायुग्रहापाशी चित्र पालटतं. मुख्य ग्रहापासून तो ७५ कोटी किलोमीटरवर असेल तर हाक पोचायलाच पाऊण तास लागतो आणि ६ जी चं जहाज यायला अडीच दिवसांहून जास्त. चाच्याला निवांत वेळ. पण तिथे येतो कोण? शुद्ध इंधनाचे टनामागे ५०० क्रेडिट परवडत नाहीत म्हणून वातावरणातून फुकट इंधन उपसायला आलेला गरीब व्यापारी. श्रीमंत माल चांगल्या बंदराच्या तोफांखालून जातो आणि बिनधोक सावजाच्या पोटात धान्य निघतं. चाचेगिरीचा हा पेच तुमच्या टोळीच्या प्रत्येक निर्णयात दिसला पाहिजे.

धान्य निघालं तर काय होतं, तेही आकड्यांत बघा. मूळ नियमांच्या व्यापारी तक्त्यात धान्याचा भाव टनाला ३०० क्रेडिट, पोलादाचा ५००, औषधांचा १,००,०००. लुटीच्या मालाला दलाल फार तर पाव किंमत देतो. ऐंशी टन धान्याचे हातात येतात सहा हजार. पाच आठवड्यांच्या फेरीत वीस माणसांच्या श्वासापाण्याचाच खर्च, दोन आठवड्यांना माणशी दोन हजार धरला तर, एक लाख होतो. याउलट दहा टन औषधांचे अडीच लाख सुटतात. म्हणून खबऱ्या हा टोळीचा सगळ्यात किमती माणूस. बंदराच्या कार्यालयात मॅनिफेस्ट, म्हणजे जहाजावरच्या मालाची यादी, ज्याच्या नजरेखालून जातं असा कारकून, किंवा विम्याच्या दलालाचा मदतनीस. त्याला प्रत्येक यशस्वी लुटीत एक पूर्ण वाटा द्या. तो आठवडाभर आधी निघणाऱ्या जहाजातून खबर धाडतो. त्याची बदली झाली की टोळी आंधळी होते, आणि हा एक उत्तम सेशन आहे.

चाचे येतात कुठून, याचं उत्तरही नियमांतच आहे. फ्री ट्रेडर या २०० टनांच्या छोट्या व्यापारी जहाजाची किंमत सुमारे ३.७ कोटी क्रेडिट. कर्जाचा हप्ता दरमहा किमतीचा २४० वा भाग, म्हणजे दीड लाखाच्या वर, आणि तो ४० वर्षं. महिन्याला दोन फेऱ्या, दोन्ही वेळा ८२ टन गच्च भरून, टनाला हजार क्रेडिट भाडं: १,६४,०००. त्यातून हप्ता १,५४,५००, चौघांचा पगार १५,०००, श्वासापाण्याचे १६,०००, इंधनाचे २५,०००. पूर्ण भरलेलं जहाज दरमहा साडेशेहेचाळीस हजारांनी बुडतं. उतारू आणि सट्ट्याचा व्यापार साधला तरच तरतं. म्हणून माझ्या मते निम्मे चाचे पूर्णवेळ चाचे नसावेत. हप्ता थकलेला कप्तान, ज्याने एकदा वायुग्रहापाशी एकट्या सापडलेल्या जहाजावर तोफ रोखली, तो खेळाडूंना एका डोळ्यावर पट्टी बांधलेल्या खलनायकापेक्षा जास्त जवळचा वाटतो. बहुतेक खेळाडू त्याच हप्त्याखाली दबलेले असतात.

जहाजाची रचना एकाच गोष्टीभोवती करा: लूट झाल्यावर ताबडतोब जंप. ४०० टनांच्या जहाजाला जंप-२ साठी ८० टन इंधन लागतं, येण्या-जाण्याचं १६० टन. एवढ्या कायमच्या टाक्या केल्या तर लुटीला जागाच उरत नाही. उपाय म्हणजे मालाच्या पोटात घडीच्या रबरी टाक्या. मुख्य टाकीवर जंप मारून यायचं, आल्याबरोबर रबरी टाकीतलं इंधन मुख्य टाकीत पंपाने भरायचं, रिकामी टाकी गुंडाळून बाजूला. मोकळं झालेलं पोट आता लुटीसाठी. इथे बिघडतं ते पंपापाशी. भरणं काही तासांचं काम आहे, आणि ते संपायच्या आत घाईने सावजावर गेलेली टोळी परतीची वाट बंद करून बसते.

माल हातात आला, पुढे? कंटेनरवर क्रमांक असतो, सील असतं, बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे माल चढवल्याच्या पावतीवर, तोच क्रमांक असतो. चोरीचा माल घेणारा दलाल आधी ते सील कापतो, क्रमांकाची पट्टी घासून काढतो, माल स्वतःच्या कंटेनरमध्ये पालटतो आणि मग त्याच्यावर नवा कागद चढवतो: ‘बुडीत कंपनीच्या गोदामाचा लिलाव’ किंवा ‘पाण्याने खराब झालेला माल, विमा कंपनीने विकलेला’. औषधांच्या प्रत्येक खोक्यावरही बॅच क्रमांक असतो, तेव्हा ती शहरातल्या इस्पितळात जात नाहीत. खाणीवरच्या वसाहतीत जातात, जिथे डॉक्टर क्रमांक विचारत नाही कारण गेल्या जहाजातून औषध आलंच नव्हतं. हे सगळं करायला दलालाला दोन-तीन आठवडे लागतात आणि तेवढा वेळ टोळीला बंदरात पडून राहावं लागतं. टोळी सगळ्यात उघडी पडते ती इथे. दारूच्या गुत्त्यावर एखाद्याची जीभ सैल सुटते.

खंडणीचा धंदा जास्त किफायतशीर असतो, पण त्याला जमीन लागते. सोमाली चाच्यांनी २००८ च्या नोव्हेंबरमध्ये सिरियस स्टार हे सुमारे २० लाख पिंप कच्चं तेल भरलेलं टँकर पकडलं. त्या तेलाला त्यांनी हात लावला नाही. जहाज किनाऱ्यावर नांगरून ठेवलं आणि जानेवारी २००९ मध्ये खंडणी घेऊन सोडलं. हे जमलं, कारण त्या किनाऱ्यावर कोणत्याच सरकारची हुकमत चालत नव्हती. तुमच्या टापूतही ३.७ कोटींच्या जहाजावर पाच टक्के मागितले तर साडेअठरा लाख होतात, वरच्या दहा टन औषधांपेक्षा कितीतरी जास्त. पण दोन महिने ते जहाज, त्यातली माणसं आणि त्यांचा श्वास सांभाळायला अशी ग्रहमाला हवी जिथे नौदल राजकीय कारणाने शिरत नाही. सीमेपलीकडली, तहाने वर्ज्य केलेली, किंवा दोन सत्तांच्या वादातली. कारण नुसतं ‘दूर आहे’ असलं तर पुरत नाही, नौदल जंप मारून येतं.

खलाशांच्या आसऱ्याची खोली हाही मुद्दा लक्षात ठेवा. हल्ली व्यापारी जहाजांवर खलाशी चाचे चढताच एका मजबूत बंद खोलीत जाऊन बसतात. ५ जानेवारी २०२४ रोजी अरबी समुद्रात लीला नॉरफोक या जहाजावरचे २१ जण असेच आत बसले होते आणि भारतीय नौदलाने ते सगळे सुखरूप बाहेर काढले. ओलीस हाती नसतील तर चाच्याकडे बोलणी करायला काही उरत नाही. अवकाशात ही खोली म्हणजे इंजिनरूम. दार आतून बंद करून तिथूनच वीज तोडली की चढलेले चाचे अंधारात, थंडीत, पोशाखातली हवा मोजत बसतात. म्हणून सराईत टोळी आधी ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीत, जात नाही, इंजिनरूमकडे जाते.

आता ज्याच्यापायी चाच्यांच्या बहुतेक टोळ्या संपायला हव्यात, पण टेबलावर कुणालाच आठवत नाही, ते कारण: वार्षिक डागडुजी. नियमाप्रमाणे वर्षातून एकदा दोन आठवडे, अ किंवा ब दर्जाच्या बंदरात, किमतीच्या हजाराव्या भागाएवढा खर्च. पैसे किरकोळ आहेत. अडचण अशी, की तिथे इंजिनांचे क्रमांक तपासले जातात. आणि ही टोळी वर्षभर वायुग्रहांचं अशुद्ध इंधन पिऊन आलेली असते, त्यामुळे शुद्धीकरणाचं यंत्र नसेल तर जंप चुकण्याचा धोका प्रत्येक वेळी डोक्यावर. तेव्हा टोळीला एक गोदी हवी, जिथला मुकादम रात्रपाळीत हे जहाज दुसऱ्या नावाने आत घेतो. त्या मुकादमाला नाव द्या, कुटुंब द्या, भीती द्या. खेळाडू टोळीचा माग काढत असतील तर तोफांच्या वाटेने न जाता याच्या वाटेने पोचतील.

संरक्षणाचं बोलायचं तर आपल्या किनाऱ्याचा इतिहास फार शिकवतो. इंग्रज कान्होजी आंग्र्यांना चाचा म्हणत. मराठ्यांच्या दृष्टीने ते सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख, होते, आणि आपल्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजांना दस्तक, म्हणजे परवाना, देण्याचा हक्क ते बजावत होते. त्याआधी पोर्तुगीज हेच परवाने ‘कार्ताझ’ नावाने विकत होते. इंग्रजांनी १७१७ मध्ये विजयदुर्गावर आणि १७१८ मध्ये खांदेरीवर चाल केली आणि दोन्ही वेळा हात हलवत परत गेले. विजयदुर्ग पडला तो १७५६ च्या फेब्रुवारीत, जेव्हा तुळाजी आंग्र्यांविरुद्ध समुद्रातून इंग्रज आणि जमिनीवरून पेशवे एकत्र आले. तुमच्या टोळीसाठी यातलं दस्तक उचला. एखाद्या छोट्या ग्रहाच्या सरकारकडून परवाना असेल तर तीच माणसं अर्ध्या टापूत आरमार आणि उरलेल्या अर्ध्यात चाचे ठरतात. दस्तक घेतलेल्या जहाजाला ती हात लावत नाहीत, त्यामुळे व्यापारीही मुकाट पैसे भरतात आणि तोफ क्वचितच डागावी लागते. आणि शेवटही तिथेच ठेवा: ज्या दिवशी ते सरकार नौदलाशी तह करतं, त्या दिवशी किल्ला पडतो.

फार मोठी लूट हाही मृत्यूच. १६९५ च्या सप्टेंबरमध्ये हेन्री एव्हरीने सुरतेकडे परतणारं मोगलांचं गंज-इ-सवाई हे जहाज लुटलं. औरंगजेबाने इंग्रजांच्या वखारींवर कारवाई केली, ईस्ट इंडिया कंपनीला भरपाईची हमी द्यावी लागली आणि एव्हरीच्या मागे जगभर माणसं लागली. तो स्वतः सापडला नाही, पण त्याच्या पाच साथीदारांना १६९६ मध्ये लंडनमध्ये फाशी झाली. तेव्हा टोळीच्या कप्तानाला एक वरची मर्यादा द्या: राजघराण्याचं, डाकेचं आणि नौदलाच्या पुरवठ्याचं जहाज सोडायचं. डाक तर कधीच अडवायची नाही, कारण तिच्याबरोबर सगळ्या टापूचा व्यवहार थांबतो आणि मग शोध घ्यायला सगळेच निघतात.

टोळीच्या आतला करारही लिहून ठेवा. अठराव्या शतकात बार्थोलोम्यू रॉबर्ट्सच्या जहाजावर कप्तानाला दोन वाटे, तोफखान्याच्या मुख्याला दीड आणि साध्या खलाशाला एक, असा ठराव होता. अवयव गमावणाऱ्याला वेगळी भरपाई होती. कप्तान आणि खलाशी यांत फक्त दुप्पट फरक, म्हणून बंड कमी. तुमच्या टोळीत वाटे थकले की माणसं फुटतात. आणि फुटलेल्या माणसासाठी माफी तयार ठेवा. इंग्लंडच्या राजाने सप्टेंबर १७१७ मध्ये माफीनामा काढला, जुलै १७१८ मध्ये नवा गव्हर्नर वुड्स रॉजर्स तो घेऊन बहामा बेटांतल्या नासाऊ या चाच्यांच्या अड्ड्यावर उतरला आणि शेकडो चाच्यांनी शस्त्रं ठेवली. तोफांनी जे झालं नव्हतं ते कागदाने झालं.

वर्षाचं वेळापत्रक असं बसतं. जंप एक आठवडा, टेहळणी एक-दोन, परतीची जंप एक, माल मुरवायला दोन. एका लुटीला पाच-सहा आठवडे. डागडुजीचे दोन वजा केले तर वर्षात आठ-नऊ फेऱ्या. त्यातल्या तीन फसल्या, दोनदा सावज रिकामं निघालं, तीन साधल्या असं मी धरतो. अधूनमधून एखादी खंडणी साधली तर एवढ्यात टोळी जेमतेम जगते, आणि ‘नौदल मारत का नाही’ याचं उत्तरही मिळतं: चार-पाच ग्रहमालांत वर्षाला तीन लुटी, प्रत्येक वेळी वेगळं नाव, आणि बातमी दर वेळी एक आठवडा शिळी. नौदलाचा अधिकारी तक्रार वाचतो तेव्हा चाचे दुसऱ्याच ग्रहमालेत सील कापत असतात. त्याने सगळे अहवाल एका टेबलावर मांडून तारखा जुळवल्या, तर प्रत्येक लुटीनंतर तीनच आठवड्यांत एकाच खाणवसाहतीत औषधं पोचल्याचं त्याला दिसेल. ते अहवाल पहिल्या सेशनलाच खेळाडूंच्या हातात द्या.